बसल्या जागी सगळं नॉर्मल, जिन्यावर मात्र धाप: फुफ्फुसांतला दाब श्रमात का मोजतात

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. बहिणीचं वय 41. दोन वर्षांपूर्वी पायातली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती. रक्त पातळ करणारं औषध सहा महिने चाललं, मग बंद केलं. आता बसल्या जागी काही त्रास नाही, पण दोन मजले चढेपर्यंत दम लागतो, एक-दोनदा डोळ्यांपुढे अंधारीही आली. इकोच्या रिपोर्टवर ‘माइल्ड पल्मनरी हायपरटेन्शन, आरव्हीएसपी 36’ असं लिहिलंय, म्हणजे फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब थोडा वाढलेला; आरव्हीएसपी हा उजव्या खालच्या कप्प्यातला सर्वोच्च दाब. एका डॉक्टरांनी ‘तुम्ही टेन्शन फार घेता’ म्हणून झोपेची गोळी दिली. दुसऱ्यांनी सायकलवरची सीपेट चाचणी (श्रमात श्वासातले वायू मोजणारी) सांगितली आणि त्यात काही सापडलं तर हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर, म्हणजे शिरेतून सरकवलेली बारीक नळी, ठेवून पुन्हा सायकल चालवायला लावू, असं सांगितलं. भावाचे प्रश्न असे: एवढं सगळं खरंच लागतं का, त्यातून कळणार काय, आणि तोवर तिने व्यायाम करायचा की नाही?

दुसऱ्या डॉक्टरांची दिशा बरोबर आहे. फक्त त्यांच्या यादीत मी एक तपासणी सगळ्यात वर घातली असती: फुफ्फुसांचा व्हेंटिलेशन-पर्फ्युजन स्कॅन, ज्याला आम्ही व्ही-क्यू म्हणतो; हवा आणि रक्त फुफ्फुसात कुठे कुठे पोचतं ते तो दाखवतो. ज्यांना पूर्वी गुठळी झालीय आणि औषधाचे किमान तीन महिने पूर्ण होऊनही धाप उरलीय, त्यांच्यात हा स्कॅन आधी व्हायला हवा. जुन्या गुठळ्या विरघळल्या नसतील तर त्या वाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, त्यांचे पडदे-जाळ्या होतात आणि त्या साध्या सीटीत निसटू शकतात. स्कॅनमध्ये रक्तपुरवठा सगळीकडे सारखा दिसला, तर गुठळ्यांमुळे होणारा जुनाट आजार जवळजवळ बाद करता येतो. स्कॅन स्वस्तातला, विनात्रासाचा आणि इतका उपयोगी असूनही तो मागवायचा राहून जातो, याचं मला अजून नवल वाटतं.

आता त्या 36 आकड्याबद्दल, कारण अर्धी भीती तिथूनच येते. लोक इंटरनेटवर वाचतात की 20 च्या वर गेलं म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन, आणि रिपोर्टवर 36 पाहून हादरतात. हे दोन वेगळे आकडे आहेत. 20 मिमी (इथे मिमी म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, दाबाचं माप) ही सरासरी दाबाची मर्यादा आहे आणि तो दाब प्रत्यक्ष कॅथेटरने मोजलेला असावा लागतो. इकोतला 36 हा हृदय आकुंचन पावतानाचा सर्वोच्च दाब आहे, आणि तोही मोजलेला नसतो, काढलेला असतो. उजव्या दोन कप्प्यांमधल्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, चारने गुणायचं आणि उजव्या वरच्या कप्प्यातला दाब अंदाजाने मिळवायचा. सेकंदाला 2.8 मीटर वेग असेल तर गुणाकार 31 येतो, त्यात 5 मिळवले की तुमचे 36. तोच वेग तिरक्या कोनातून किंवा अस्पष्ट कडेवरून 3.2 वाचला, तर नुसता गुणाकारच 41 वर जातो. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वाचनातली छोटी चूक मोठी होऊन बाहेर पडते. इको आणि कॅथेटरच्या आकड्यांत दहा मिमीचा फरक पडणं अजिबात दुर्मीळ नाही.

म्हणून युरोपीय मार्गदर्शक सूचना आता इकोतल्या दाबाऐवजी त्या वेगाकडे बघायला सांगतात. 2.8 पर्यंत असेल आणि उजवं हृदय फुगल्याची इतर चिन्हं नसतील, तर शक्यता कमी. 3.4 च्या वर असेल तर शक्यता जास्त. तुमच्या बहिणीचा वेग रिपोर्टमध्ये कुठेतरी लिहिलेला असेल, तो शोधा. आकडेमोड मी वर केली तशीच असेल, तर ‘माइल्ड पल्मनरी हायपरटेन्शन’ हे शब्द त्या इकोने सिद्ध केलेले नाहीत. पण आजार नाही असंही त्याने सिद्ध केलेलं नाही. त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो.

फुफ्फुसांतल्या रक्ताभिसरणाला प्रचंड राखीव क्षमता असते. शरीराच्या बाकीच्या रक्तवाहिन्या जेवढा रोध करतात, त्याचा साधारण दहावा भाग फुफ्फुसं करतात. बसलेलं असताना मिनिटाला पाचेक लिटर रक्त तिथून जातं. तरुण, निरोगी माणूस जोरात सायकल चालवतो तेव्हा हाच प्रवाह वीस लिटरच्या पुढे जातो आणि तरीही दाब चौपट होत नाही. एक तर विश्रांतीत मिटलेल्या केशवाहिन्या, विशेषतः फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या, उघडतात. गर्दी वाढली की तिकीटघराच्या बंद खिडक्या उघडाव्यात तशा. दुसरं म्हणजे उघड्या असलेल्या वाहिन्या ताणून रुंद होतात. निरोगी माणसात दाबाच्या प्रत्येक मिमीमागे वाहिनीचा व्यास एक ते दोन टक्क्यांनी वाढतो. या दोन गोष्टींमुळे प्रवाह वाढतो तसा रोध उलट कमी होत जातो.

याची दुसरी बाजू अशी की यातला मोठा हिस्सा निकामी झाला तरी बसल्या जागी काही कळत नाही. साधारण निम्म्या वाहिन्या बंद पडेपर्यंत विश्रांतीतला दाब नॉर्मलच्या आसपास राहू शकतो, कारण पाच लिटर रक्ताला उरलेल्या वाहिन्या पुरतात. तिला जिना चढायला बारा लिटर लागले की मगच कमतरता उघडी पडते. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ जातो, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे: रुग्णाला त्रास श्रमात होतो आणि आपण तपासणी पलंगावर झोपवून करतो.

हा भार झेलणारं उजवं हृदयही नाजूक असतं. उजव्या खालच्या कप्प्याची भिंत तीन ते पाच मिलिमीटर जाडीची, डावीच्या निम्म्याहून कमी. तो कमी दाबाचं काम करायला घडलेला आहे. दाब हळूहळू वाढला तर तो काही काळ जाड होऊन तोंड देतो, पण श्रमात अचानक वाढलेल्या दाबापुढे त्याच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त वाढतच नाही. मग मधला पडदा डावीकडे झुकतो, डाव्या कप्प्यात भरायला रक्त कमी पोचतं, आणि प्रवाह वाढवायला नाडी वाढवण्याशिवाय मार्ग उरत नाही. आजार पुढे गेलेल्या रुग्णांत नाडीसुद्धा हवी तेवढी वाढत नाही. चढताना अंधारी येते ती यातूनही येऊ शकते, म्हणून बहिणीच्या या एका लक्षणाला मी धापेपेक्षा जास्त वजन देतो.

श्रमातला दाब मोजायची कल्पना नवी नाही, पण तिचा प्रवास वळणावळणाचा आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमिनोरेक्स नावाच्या भूक मारणाऱ्या औषधामुळे स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियात या आजाराची लाट आली. त्या पार्श्वभूमीवर 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची जिनिव्हात बैठक झाली आणि विश्रांतीतल्या सरासरी दाबासाठी 25 मिमीचा निकष रूढ झाला. पुढे त्याला ‘किंवा श्रमात 30 च्या वर’ अशी जोड मिळाली. ऐकायला सोपं, पण निकष कच्चा होता. 2008 च्या डॅना पॉइंटच्या जागतिक परिषदेत तो श्रमाचा भाग काढून टाकला गेला, आणि 2009 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या गटाने 1187 निरोगी माणसांची जुनी मोजमापं एकत्र करून प्रसिद्ध केली तेव्हा तो का काढावा लागला हे स्पष्ट दिसलं. विश्रांतीतला सरासरी दाब 14 मिमी निघाला, वयानुसार त्यात फारसा फरक नव्हता. पण पन्नाशीपुढच्या निरोगी माणसांत अगदी हलक्या श्रमातच दाबाची सरासरी 29 च्या आसपास होती. म्हणजे 30 ची रेघ धरली तर त्यातले पुष्कळ जण आजारी ठरले असते. याच आकड्यांच्या आधाराने 2018 मध्ये विश्रांतीतली मर्यादा 25 वरून 20 वर आली.

श्रमाचा निकष परत आला तो 2022 च्या युरोपीय सूचनांत, वेगळ्या रूपात. आता नुसता दाब बघायचा नाही. कार्डियाक आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला जेवढं रक्त पुढे ढकलतं, ते लिटरमागे वाढताना दाब किती मिमी वाढला ते बघायचं. हा उतार 3 च्या वर गेला तर श्रमातलं पल्मनरी हायपरटेन्शन.

दोन माणसं घेऊ, आकडे समजण्यापुरते घेतलेले. पहिला नियमित धावणारा. विश्रांतीत सरासरी दाब 14, आउटपुट 5 लिटर. सायकलवर पूर्ण जोरात दाब 34, आउटपुट 17. दाब 20 ने वाढला, प्रवाह 12 ने, उतार 1.7. दुसरी व्यक्ती थोड्या श्रमाने धापणारी. विश्रांतीत दाब 18, आउटपुट साडेचार. तिची झेप साडेआठ लिटरवर थांबते आणि तिथे दाब तोच, 34. इथे 16 मिमी वाढले ते फक्त 4 लिटरमागे, उतार 4. शिखरावरचा दाब दोघांचा एकच, पण पहिला निरोगी आहे आणि दुसरीच्या वाहिन्यांत काहीतरी बिघडलंय. शिवाय दुसरीचे विश्रांतीतले आकडे बघा: दाब 20 च्या आत. वेज प्रेशर (डाव्या हृदयाकडचा दाब, पुढे सांगतो) 9 धरलं तर दाबातला फरक भागिले प्रवाह, म्हणजे रोध, 2 वूड युनिट, तोही मर्यादेत. पलंगावरचं कॅथेटर तिला ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवेल.

या उताराला नुसता कागदी अर्थ नाही. श्रमात धाप लागणाऱ्या 714 जणांच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात (2020) ज्यांचा उतार 3 च्या वर होता, त्यांना हृदयविकारासाठी दाखल व्हावं लागण्याचा किंवा मृत्यूचा धोका साधारण दुप्पट निघाला, आणि विश्रांतीतला दाब नॉर्मल असलेल्यांतही हा संबंध दिसला.

उतार वाढलेला आहे एवढ्यावर काम संपत नाही. दाब कुठून वाढला? फुफ्फुसाच्या वाहिन्यांत अडथळा असू शकतो, किंवा डावं हृदय ताठ असल्यामुळे रक्त मागे तुंबत असेल. हे सांगतं ते वेज प्रेशर: कॅथेटरच्या टोकावरचा फुगा फुगवून छोट्या धमनीत अडकवला की पलीकडचा, म्हणजे डाव्या बाजूचा दाब वाचता येतो. वरच्या दुसऱ्या व्यक्तीचं वेज 9 वरून 12 वर गेलं तर लिटरमागे वाढ एकाहून कमी, म्हणजे दोष वाहिन्यांत. तेच 12 वरून 26 वर गेलं तर लिटरमागे साडेतीन. हा उतार 2 च्या वर गेला की बोट डाव्या हृदयाकडे वळतं. लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्या उतारवयातल्या धापेत हे फार वेळा सापडतं, आणि उपचार पूर्णपणे वेगळे असतात. फुफ्फुसवाहिन्या रुंदावणारी औषधं अशा रुग्णांना द्यायची नसतात, त्याने फायदा होत नाही आणि कधी फुफ्फुसात पाणीही साठतं. ही औषधं ‘देऊन तर बघू’ म्हणून सुरू केलेली मला अजिबात मान्य नाही.

कॅथेटरवरची सायकल कुठे करायची हे मात्र विचारून ठरवा, कारण ही मोजमापं सहज बिघडतात. दाब मोजणाऱ्या यंत्राची शून्य पातळी छातीच्या मध्यावर धरायची असते. ती दहा सेंटिमीटर वर-खाली झाली तर प्रत्येक आकडा सात-साडेसात मिमीने चुकतो, आणि माणूस आडवा असताना शून्य लावून मग त्याला टेकून बसवलं की नेमकं हेच होतं. दुसरी अडचण श्वासाची. विश्रांतीत पडद्यावरची रेघ श्वासागणिक थोडीशी हलते. जोरात पेडल मारताना तीच रेघ श्वास घेताना खोल दरीत जाते आणि सोडताना वर उसळते, एका श्वासात वीस-वीस मिमीचा झोका. यंत्र आपोआप एक आकडा छापतं, पण तो झोक्याच्या कुठल्या टोकाचा आहे ते बघावं लागतं. श्रमात आम्ही तीन-चार श्वासांची सरासरी घेतो. नुसतं श्वास सोडतानाचं टोक धरलं तर स्थूल किंवा दम्याच्या रुग्णात वेज खोटं वाढलेलं दिसतं आणि वाहिन्यांचा आजार डाव्या हृदयाच्या खात्यावर जमा होतो. तिसरं, आउटपुट. त्यासाठी ऑक्सिजनचा वापर श्वासातून प्रत्यक्ष मोजायला हवा. वय-वजनावरून गृहीत धरलेला आकडा सूत्रात घातला तर उताराचा छेदच अंदाजाचा होतो.

धोक्याबद्दल भाऊ विचारणारच, म्हणून सांगतो. अनुभवी केंद्रांत झालेल्या 7218 उजव्या कॅथेटर तपासण्यांच्या 2006 च्या आढाव्यात गंभीर गुंतागुंत 1.1 टक्के होती आणि मृत्यू 0.055 टक्के. ज्या ठिकाणी महिन्यातून एखादीच होते तिथे हे आकडे लागू होतील असं मी धरणार नाही.

पण कॅथेटरच्या आधी सीपेट. नाक बंद, तोंडावर मुखवटा, छातीवर ईसीजी, आणि दर मिनिटाला थोडी थोडी जड होत जाणारी सायकल. आठ-बारा मिनिटांत संपते. प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. लोकांना वाटतं की ही दमाची परीक्षा आहे आणि शेवटचा ऑक्सिजनचा आकडा म्हणजे गुण. तो आकडा उपयोगी आहे, पण तो अशक्तपणात कमी येतो, रक्त कमी असेल तरी येतो, हृदय-फुफ्फुस कशानेही येतो. मी आधी बघतो ती श्वासाच्या शेवटी बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेघ.

निरोगी माणसात ही रेघ व्यायाम सुरू झाल्यावर वर चढते, साधारण तीन ते आठ मिमी, आणि शेवटच्या टप्प्यात खाली येते. फुफ्फुसवाहिन्यांच्या आजारात ती सुरुवातीपासूनच खाली असते आणि पेडल सुरू होताच आणखी घसरते. कारण सरळ आहे: हवा जाते तिथे रक्त पोचत नाही, म्हणून त्या भागातून कार्बन डायऑक्साइड न घेताच हवा परत येते. त्याच्या जोडीला श्वासाची भूकही वाढलेली असते. एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला निरोगी माणसाला तीसेक लिटर हवा पुरते. या आजारात चाळीस, पन्नास, कधी त्याहून जास्त लागते. धमनीतलं रक्त घेऊन त्यातला आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ताडून पाहिला तर हे आणखी पक्कं होतं: श्रमात श्वासातला आकडा रक्तातल्याच्या बरोबरीला यायला हवा किंवा थोडा पुढे जायला हवा, इथे तो मागेच राहतो.

‘टेन्शन’वाल्या शेऱ्याचं उत्तर इथेच मिळतं. घाबरून जोरात श्वास घेणाऱ्या माणसातही ही रेघ सुरुवातीला खाली असते. पण पेडल मारायला लागल्यावर तीनेक मिनिटांत श्वास कामाला जुळतो आणि रेघ वर येते. आजारात ती उलट दिशेला जाते. दोन्ही आलेख शेजारी ठेवले तर वैद्यकीचा विद्यार्थीही फरक सांगेल. तरुण बाईची धाप न तपासता मनावर ढकलणं फार सोपं असतं, आणि या आजाराच्या रुग्णांत बायका जास्त असल्यामुळे त्या सोपेपणाची किंमत त्याच मोजतात.

आणखी एक खूण असते, क्वचित दिसते पण दिसली की विसरता येत नाही. व्यायामाच्या मध्येच ती रेघ एका श्वासात धपकन खाली येते आणि ऑक्सिजनची रेघ त्याच क्षणी वर उडते, बोटावर मोजलेलं रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण उतरायला लागतं. उजव्या वरच्या कप्प्यातला दाब डावीपेक्षा जास्त झाला आणि जन्मापासून नीट न बुजलेल्या छिद्रातून अशुद्ध रक्त थेट पलीकडे गेलं, याचं ते चिन्ह. तिथे चाचणी थांबवायची.

आता तराजूच्या दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. फुफ्फुसात गुठळी होऊन गेलेल्यांपैकी जुनाट पल्मनरी हायपरटेन्शन होतं तीनेक टक्क्यांना. उलट कॅनडातल्या एका अभ्यासात गुठळीनंतर वर्षभराने शंभर रुग्णांची सीपेट केली, तेव्हा जवळपास निम्म्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा कमी होती आणि बहुतेकांत कारण शरीराची सवय मोडणं हेच दिसलं. महिनोन् महिने जपून राहिलं की स्नायू ढिले पडतात, नाडी लवकर चढते आणि धाप खरीच लागते. सीपेटवर हे वेगळं ओळखू येतं: शिखरावरचा ऑक्सिजन कमी, पण कार्बन डायऑक्साइडची रेघ चढते आणि हवेचा खर्च नॉर्मल असतो. तुमच्या बहिणीत माझ्या मते ही शक्यता आकड्यांच्या हिशेबाने मोठी आहे. अंधारी आली नसती तर मी आधी तीच धरली असती. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि लोह या सगळ्याआधी तपासून घ्या, हे तर सांगायलाच नको.

स्कॅनमध्ये रक्त न पोचणारे भाग सापडले तर चित्र बदलतं. विश्रांतीत दाब नॉर्मल असला तरी त्याला आता गुठळ्यांचा जुनाट फुफ्फुसविकार म्हणून मान्यता आहे, आणि श्रमातली चाचणी इथे ठरवायला मदत करते की धाप त्यामुळेच आहे का. हा पल्मनरी हायपरटेन्शनचा असा प्रकार आहे जो शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. शरीर खूप थंड करून, रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवून, धमनीचं आतलं अस्तर गुठळ्यांसकट सोलून काढतात. जिथे शस्त्रक्रिया शक्य नाही तिथे छोट्या धमन्या फुग्याने उघडतात, किंवा रिओसिग्वाट हे फुफ्फुसवाहिन्या रुंदावणारं औषध देतात. रक्त पातळ ठेवणारं औषधही मग सहसा कायमचं लागतं. ते तुम्ही आपणहून सुरू करू नका, पण डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा. आणि श्रमात उतार वाढलेला आहे पण मागे कुठलाही आजार सापडत नाही, अशा माणसाला आज मंजूर असं औषध नाही. लक्ष ठेवायचं, पुन्हा मोजायचं.

संशोधन आता कुठे चाललंय, तेही थोडं. उजव्या कप्प्याची ताकद आणि समोरच्या धमन्यांचा भार यांची जुळणी किती टिकते हे मोजण्यावर भर आहे. इकोवर झडपेच्या कडेची हालचाल आणि दाब यांचं गुणोत्तर काढलं की त्याचा ढोबळ अंदाज येतो, एमआरआयच्या आत पेडल मारायला लावूनही मोजतात. झेनॉन वायूच्या एमआरआयवर फुफ्फुसातून रक्तात वायू कुठे उतरतोय ते थेट दिसतं. उंचीवरच्या अभ्यासांचं माझं आवडतं उदाहरण जुनं आहे: 1985 मध्ये ‘ऑपरेशन एव्हरेस्ट 2’मध्ये आठ निरोगी स्वयंसेवकांना हवेचा दाब हळूहळू उतरवणाऱ्या खोलीत चाळीस दिवस ठेवलं. शेवटी त्यांचा विश्रांतीतला सरासरी दाब 15 वरून 34 वर गेला होता, जवळपास पूर्ण श्रमात 54 वर. भरपूर ऑक्सिजन दिल्यावरही रोध लगेच उतरला नाही, म्हणजे तेवढ्या दिवसांत वाहिन्यांची घडणच बदलायला लागली होती. म्हणूनच बहिणीचा उलगडा होईपर्यंत उंच डोंगरावरची सहल नको. आणि आजार सिद्ध झाला तर गर्भारपणाबद्दल आधी बोलून घ्या, कारण या आजारात ते आईच्या जिवावर बेतू शकतं.

व्यायामाचं शेवटी. पूर्वी या रुग्णांना आम्ही सगळे ‘श्रम करू नका’ असंच सांगायचो. 2006 मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या गटाने औषधांवर स्थिर असलेल्या 30 रुग्णांत तुलना केली. 15 आठवड्यांच्या देखरेखीखालच्या व्यायामानंतर सहा मिनिटांत चालायचं अंतर 96 मीटरने वाढलं. व्यायाम न केलेल्यांचं थोडं कमीच झालं. इतका फरक एखाद्या गोळीने पडला असता तर गाजावाजा झाला असता. नंतर अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत फायदा 34 मीटरच्या आसपास भरला. मला हा दुसरा आकडा जास्त खरा वाटतो, कारण पहिल्या अभ्यासात सुरुवातीचे तीन आठवडे रुग्ण दाखल होते आणि तेवढी निगा सगळीकडे मिळत नाही. तुलनेसाठी: सोटाटरसेप्ट या 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या नव्या औषधाने, आधीची औषधं चालू असलेल्या रुग्णांत, 24 आठवड्यांनी सुमारे 41 मीटरचा फरक दाखवला.

हे सगळे अभ्यास निदान झालेल्या, उपचार सुरू असलेल्या रुग्णांवरचे आहेत. तुमची बहीण त्यात अजून बसत नाही. तोवर सपाटीवर चालू द्या, बोलता येईल इतक्याच वेगाने. जिना टाळता आला तर टाळा, नाही तर प्रत्येक वळणावर थांबत चढू द्या. जड उचलणं, श्वास रोखून जोर लावणं पूर्ण बंद. चालताना छातीत दुखलं, अंधारी आली किंवा पाय सुजायला लागले तर चाचणीच्या तारखेची वाट न बघता दाखवा. खरोखर शुद्ध हरपली तर त्याच दिवशी दवाखाना.

सीपेट झाल्यावर निष्कर्षाच्या दोन ओळी घेऊन घरी येऊ नका. नऊ आलेखांचं एक पान असतं, ते मागून घ्या. सोबत इकोचा पूर्ण रिपोर्ट, व्ही-क्यूच्या प्रतिमा, आणि दोन वर्षांपूर्वीचा तो पहिला सीटी, असेल तर त्याची सीडी. पुढे कॅथेटर लागेल की नाही हे त्या पानावरूनच ठरेल, आणि लागलं तर ते करणारा माणूस आधी हेच पान मागेल.